हँडलमधले खड्डे

पुण्यात राहून खड्ड्यांवर लेख लिहिणं म्हणजे मेसच्या भाजीवर लेख लिहिण्यासारखं आहे. विषय सगळ्यांना पाठ, आणि लिहून काही फरक पडत नाही. पण मी ज्या खड्ड्यांबद्दल लिहितोय ते महापालिकेच्या हद्दीत येत नाहीत. ते माझ्या सायकलच्या हँडलखाली होते. एकूण सोळा. प्रत्येकाची खोली केसाएवढी. त्यांची जबाबदारी शंभर टक्के माझी होती आणि ती मी चार महिने टाळली. किंमत मात्र दुसऱ्याच्या मनगटाने मोजली.

त्याचं असं झालं. सेकंड इयरला असताना पास आऊट होणाऱ्या एका सिनियरकडून मी त्याची जुनी सायकल घेतली. साधीच, बिनगियरची. बिबवेवाडीत राहणाऱ्याला सायकल घेताना एकच प्रश्न पडतो: उतरताना मजा आहे, पण वर कोण येणार? तरी घेतली. अप्परवरून खाली मार्केट यार्डापर्यंत पायडल न मारता जाता येतं आणि परत येताना व्यायाम होतो, असं मी घरी सांगितलं.

दिवाळीनंतर कधीतरी हँडलमधून 'खट' असा आवाज यायला लागला. पुढचा ब्रेक दाबला की खट. स्पीडब्रेकरवरून गेलं की खट. शिवाय हँडल अगदी सरळ केलं की एका जागी अडकल्यासारखं वाटायचं, रेडिओचं जुनं बटण कसं एकेका खाचेत बसतं तसं. सायकल सरळ जाण्याऐवजी जराशी नागमोडी जायची. मी मेकॅनिकलचा. मला कळत नव्हतं असं नाही. 'बेअरिंग गेलंय' असं मी रूमपार्टनरला चहा पिता पिता सांगितलंही होतं. पण सबमिशन, मग ओरल, मग पीएल. चालतंय तोवर चालवू.

पीएलमध्ये फर्स्ट इयरचा एक मुलगा आला. परभणीचा. "दादा, सायकल देता का? झेरॉक्स आणायचीय." मी गादीवर पडल्या पडल्या किल्ली फेकली. 'पुढचा ब्रेक जपून मार' एवढे चार शब्द बोलायचे होते. बोललो नाही.

उतारावर त्याच्यासमोर एक रिक्षा थांबली. त्याने पुढचा ब्रेक जोरात दाबला, हँडलने झटका दिला, पुढचं चाक कडेच्या खडीत गेलं आणि तो हातावर पडला. उजवं मनगट मोडलं. आता खरं सांगायचं तर दोष एकट्या बेअरिंगचा नव्हता. उतार होता, खडी होती, रिक्षा होती, त्याला सायकलची सवय नव्हती. ओरलमध्ये मी एवढी सगळी कारणं सांगून सुटलो असतो. पण त्यातलं एकच कारण असं होतं जे कुणालातरी आधी माहीत होतं. तो कुणीतरी म्हणजे मी.

त्याचे वडील रात्रीच्या एसटीने निघून सकाळी स्वारगेटला उतरले. सायकल कुणाची, कशी होती, काहीच विचारलं नाही त्यांनी. उलट मलाच म्हणाले, "तुम्ही पोराला दवाखान्यात नेलंत, लई उपकार झाले." त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पोराचा ड्रॉइंगचा पेपर गेला. उजव्या हाताला प्लास्टर घालून ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन निघत नाही.

काय उघडलं, काय दिसलं

त्या रविवारी मी हॉस्टेलच्या मागच्या पडवीत सायकल उलगडली. दुकानात का नेली नाही? खरं कारण तंत्राचं नव्हतं. आपण काय दुर्लक्षित केलं ते एकदा डोळ्यांनी बघावंसं वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुढचं चाक ज्या दुबेळक्यात बसतं त्याला आपल्याकडे चिमटा म्हणतात. चिमट्याची नळी फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर जाते आणि तिथे हँडल बसतं. या फ्रेमच्या नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी एकेक वाटी असते, वाटीत छर्रे असतात आणि त्या छर्‍यांवर चिमटा फिरतो. या सगळ्या सेटला हेडसेट म्हणतात. साध्या सायकलला तो आट्यांचा असतो. महागड्या सायकलींत १९९० च्या दशकापासून बिनआट्यांचा आला. त्यात वरचा बोल्ट आवळून आधी ताण द्यायचा आणि मग हँडलच्या मानेचे बोल्ट घट्ट करायचे, असा वेगळा क्रम आहे. व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांनी आपली सायकल कोणत्या जातीची ते आधी बघावं. मी बघितलं नव्हतं. पहिला तास त्यातच गेला.

काम तसं सरळ आहे. पुढचा ब्रेक सोडवा, चाक काढा. हँडलच्या मधला लांब बोल्ट दोन-तीन फेरे ढिला करा आणि त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने एक टोला द्या. आतली पाचर सुटते आणि हँडल वर निघतं. मग वरचा लॉकनट. याला ३२ चा पाना लागतो. आख्ख्या हॉस्टेलमध्ये तो कुणाकडे नव्हता. शेवटी वॉचमनकाकांच्या पेटीतला स्क्रूपाना मिळाला. लॉकनट, त्याखालचा वायसर, मग वरची आट्यांची वाटी हाताने सोडवायची. ती सोडवताना दुसऱ्या हाताने चिमटा धरून ठेवा आणि खाली जुनी चादर पसरा. मी चादर पसरली नव्हती. तीन छर्रे मोरीत गेले.

वरच्या वाटीत फारसं काही नव्हतं. खालची रॉकेलने पुसली आणि बघत बसलो. गोल कडेवर समान अंतरावर सोळा खड्डे, एकेका छर्‍याचा एकेक. समोरच्या आणि मागच्या बाजूला जास्त खोल, बाजूंना उथळ. ग्रीसच्या जागी तांबूस पावडर. हँडल सरळ असताना सोळाच्या सोळा छर्रे आपापल्या खड्ड्यात बसायचे. म्हणून ते अडकायचं.

मला एकदम मटेरियल सायन्सची लॅब आठवली. ब्रिनेल नावाच्या स्वीडनच्या इंजिनियरने १९०० साली कठीणपणा मोजायची रीत जगापुढे मांडली. १० मि.मी.ची गोळी, ३००० किलोचा भार, धातूवर पडलेल्या खड्ड्याचा व्यास मोजायचा. माझ्या जर्नलमध्ये या प्रयोगाची रीडिंग्ज आहेत. सुंदर आहेत. ती मी घेतलेली नाहीत. ती मी शेजारच्याची उतरवली, त्याने मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवली आणि त्याआधीचा इतिहास संशोधनाचा विषय आहे. धातूत गोळीने पडलेला खड्डा मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितला तो पडवीत, एका मुलाचा हात मोडल्यावर.

गंमत अशी की हे खड्डे ब्रिनेलचे दिसत असले तरी त्याच्या पद्धतीचे नसतात. आपल्याला वाटतं की रस्त्यावरच्या दणक्यांनी छर्रे रुतले. दणकेही असतीलच, पण मुख्य चोर वेगळा आहे. पंधराच्या वेगाने जाताना चाकाचं बेअरिंग मिनिटाला सुमारे १२० फेरे घेतं. छर्रे सतत जागा बदलतात आणि ग्रीस स्वतःबरोबर फिरवत राहतात. हँडलचं बेअरिंग मात्र रस्त्यावर सरळ जाताना दोन-चार अंशांच्या पलीकडे हलत नाही. त्याच जागी बारीक थरथर. छर्‍याखालचं ग्रीस बाजूला सारलं जातं, परत येत नाही. धातूवर धातू घासतो, त्याची तांबूस पावडर होते, ती पावडर आणखी घासते. १९३० च्या दशकात अमेरिकेत आगगाडीने पाठवलेल्या नव्याकोऱ्या मोटारींच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये असेच खड्डे सापडले होते. गाड्या एक फूटही चालल्या नव्हत्या, नुसत्या डब्यात उभ्या राहून थरथरल्या होत्या. याला आपल्या पुस्तकात 'फॉल्स ब्रिनेलिंग' म्हणतात. दोन मार्कांचा प्रश्न आहे. येतो कधीकधी.

म्हणजे जे बेअरिंग भरपूर फिरतं ते टिकतं आणि जे एकाच जागी थरथरत बसतं ते झिजतं. हॉस्टेल ते क्लास, क्लास ते हॉस्टेल करणाऱ्यांनी यावर विचार करावा. मी उपदेश करत नाही, मीही त्यातलाच.

बसवणं

नवा सेट दोनशेच्या आत मिळाला. पैशाचा प्रश्न कधी नव्हताच. जुन्या वाट्या फ्रेमच्या आतून सळई टेकवून काढायच्या, एक टोला या बाजूला, एक त्या बाजूला. एकाच बाजूला मारलंत तर वाटी तिरकी होते आणि नळीचं तोंड बिघडतं. नव्या बसवायला दुकानात प्रेस असतो. आपण हार्डवेअरच्या दुकानातून फूटभर आट्यांची सळई घ्यायची, तो त्याला 'स्टड' म्हणतो. दोन नट, चार जाड वायसर. दोन्ही टोकांनी हळूहळू आवळलं की वाटी सरळ आत सरकते. हातोडीपेक्षा हे कितीतरी सभ्य.

चिमट्याच्या मुळाशी जी कडी बसते ती नळीपेक्षा किंचित लहान असते. हाच आपला इंटरफिअरन्स फिट. मी हुशारी केली. मेसच्या मावशींकडून उकळत्या पाण्याचं पातेलं आणलं आणि कडी त्यात टाकली. मग गणित केलं: २६.४ मि.मी. व्यास, तापमानात ७० अंशांची वाढ, स्टीलचा प्रसरण गुणांक अंशाला १२ दशलक्षांश. उत्तर आलं सुमारे ०.०२२ मि.मी., म्हणजे २२ मायक्रॉन. आणि नळी कडीपेक्षा मोठी होती ०.१ मि.मी.ने! मावशी म्हणाल्या, "चहा तरी झाला असता एवढ्या पाण्यात." शेवटी एक इंची जी.आय. पाइपचा तुकडा चिमट्याच्या नळीवर घालून टोले मारले. पाइपचं भोक २७ मि.मी.च्या आसपास, नळी २५.४ ची, बरोबर बसतो. गणित आधी करायचं असतं, हे मी या प्रयोगातून शिकलो. जर्नलमध्ये 'कन्क्लूजन' म्हणून लिहायला हरकत नाही.

छर्रे भरायच्या आधी मी चौकातल्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. दुकान कसलं, झाडाखाली एक पेटी, एक पंप आणि पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. मी छर्‍यांचा पिंजरा दाखवला आणि कुठली बाजू वर ते विचारलं, कारण उलटा बसला तर पिंजऱ्याचा पत्रा घासतो. काका म्हणाले, "पिंजरा टाक बाजूला. सुटे छर्रे भर. एकाची जागा मोकळी सोड."

"का पण?"

"पिंजऱ्यात कमी मावतात. जास्त छर्रे, तेवढं ओझं वाटलं जातं. आणि कुणाची वाटी बदलायची ऐपत नसली ना, तर नुसते सुटे छर्रे भरून देतो आम्ही. मग ते जुन्या खड्ड्यात एकदम बसत नाहीत. चालते अजून वर्षभर."

सोळाचे वीस-बावीस केले की खड्ड्यांचं आणि छर्‍यांचं अंतर जुळत नाही, हँडल अडकत नाही. मला हे समजायला आकृती काढावी लागली. काकांनी आकृती कधी काढली नसेल.

मी म्हटलं, "काका, असं सगळे घरी करायला लागले तर तुमचं काय?" ते हसले. "घरी करतो म्हणणारे निम्मे पिशवीत छर्रे घेऊन माझ्याकडंच येतात. आणि सायकल चालू राहिली तर माझं काम राहतं. मेलेल्या सायकलचं पंक्चर कोण काढतं?"

शेवटचं काम ताण लावण्याचं, आणि तेच खरं कसब. वरची वाटी हाताने आवळायची, मग चिमूटभर मागे. चाक बसवून पुढचा ब्रेक दाबायचा आणि सायकल मागे-पुढे हलवायची. खट झालं तर ढिली आहे. मग पुढचं चाक उचलून हँडल सोडून द्यायचं. आपोआप एका बाजूला कललं तर ठीक, मध्येच अडखळलं तर जास्त आवळलंय. या दोन्हींच्या मधली जागा सापडली की लॉकनट. मला सातव्या प्रयत्नात सापडली. आठवड्याने परत तपासा, नवीन वाट्या थोड्या बसतात. आणि हे पण लिहून ठेवतो: चिमट्याला तडा दिसला, नळी वाकलेली निघाली किंवा आटे गेलेले असले, तर शहाणपणा करू नका. तिथे घरकाम संपतं.

मग म्हणायचं काय आहे?

म्हणायचं हे की आपण बिघाड ओळखायला शिकतो, पण उघडायला शिकत नाही. आणि ओळखून गप्प बसणं हे न ओळखण्यापेक्षा वाईट. ज्याला कळत नाही त्याला माफी आहे. आपल्याला चार वर्षं कळायलाच इथे ठेवलंय.

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे, हे आपण निबंधात लिहितो. २००६ च्या डिसेंबरात इथेच सातारा रोडवर बीआरटी सुरू झाली तेव्हा शेजारी सायकल ट्रॅकही आले. २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, त्याच वर्षी भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. चर्चा नेहमी ट्रॅकची होते, नव्या सायकलींची होते. जुनी सायकल चालू कशी ठेवायची याची होत नाही. २०१७ मध्येच कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय सुरू केलं. तिथल्या सायकली इतकी वर्षं टिकल्या त्या कुणीतरी त्या उघडल्या, पुसल्या, ग्रीस भरलं म्हणून. आराखड्याने नाही टिकल्या.

आपल्या हॉस्टेलच्या शेडमध्ये मी परवा मोजल्या. तेवीस सायकली धूळ खात पडल्यात. त्यातल्या बहुतेक मेलेल्या नाहीत. एखादं बेअरिंग, एखादी ब्रेकची वायर, दोन ट्यूब. मालक पास आऊट झाले, पुढच्याला उघडायचा धीर नाही.

म्हणून रेक्टर सरांना आणि स्टाफला विनंती. शेडच्या कोपऱ्यात एक कुलुपाची पेटी द्या. ३२ आणि ३६ चे पाने, एक स्क्रूपाना, पक्कड, हातोडी, लाकडाचा ठोकळा, चाकाच्या कोनसाठी पातळ पाने, पंप, ग्रीसचा डबा. गॅदरिंगच्या एका रात्रीच्या डीजेपेक्षा हे स्वस्त पडेल. महिन्यातून एक रविवार, सकाळी दोन तास. चौकातल्या काकांना मानधन देऊन बोलवा. पाहुणे म्हणून नाही, शिकवायला. आणि फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोन चौकोनी तुकडे घासून मेल-फिमेल जॉब करतो, त्यावर नंबर पडतो, मार्क मिळतात आणि जॉब भंगारात जातो. तो राहू द्या, हाताला वळण लागतं. पण त्याच्या जोडीला शेडमधली एक मेलेली सायकल प्रत्येक बॅचला द्या. टर्म संपताना ती चालली पाहिजे. तिची रीडिंग्ज कुणाला मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवता येणार नाहीत.

कुणी म्हणेल, एवढा वेळ कुणाला आहे? पूर्ण काम, मोरीतले छर्रे शोधण्यासकट, मला पाच तास लागले. पुढच्या वेळी दोन लागतील. मी जे चार महिने 'वेळ नाही' म्हणत होतो त्यात किती मॅचेस बघितल्या ते सांगत नाही.

आणि मित्रांनो, आपल्यासाठी एकच नियम, त्याला पेटीही लागत नाही आणि परवानगीही. खराब सायकल कुणाला देताना तोंडाने सांगा. नाहीतर हँडलला एक चिठ्ठी बांधा: 'पुढचा ब्रेक खराब', 'चालवू नका'. चार शब्द.

प्लास्टर निघाल्यावर तो परभणीकर परत आला. मी किल्ली पुढे केली. त्याने लगेच घेतली नाही. शेडमध्ये गेला, डाव्या हाताने पुढचा ब्रेक दाबला आणि सायकल दोनदा मागे-पुढे हलवून बघितली. त्याला हे कुणी शिकवलं मला माहीत नाही. मग म्हणाला, "दादा, खट होत नाही आता." आणि किल्ली घेतली.

आज रात्री जेवून आलात की शेडमध्ये जा. ब्रेक दाबा, हलवून बघा. आपली असो वा दुसऱ्याची.

— एक हॉस्टेलवासी, टी. ई. (मेकॅनिकल)